लाकडी डॉक्टर नाडी बघतो

प्रशिक्षण दोन दिवसांचं होतं. पहिल्या दिवशी संग्रहालयातला लाकडी डॉक्टर चालू कसा करायचा, दुसऱ्या दिवशी बंद कसा करायचा. दुसऱ्या दिवसाचा निधी कुठेतरी अडकला आणि संग्रहालयाच्या दुरुस्ती-कार्यशाळेतल्या ताई अर्धवट शिकून परत आल्या. जुने मिस्त्री वारले तेव्हा त्यांच्या हाताखाली शिकायला कोणालाच ठेवलेलं नव्हतं. त्यामुळे आता ताईच तज्ज्ञ होत्या.

डॉक्टर चांगला माणसाएवढा होता. अंगात कोट, डोळे काचेचे, उजवा पंजा उघडा. किल्ली दिली की तो समोरच्याचं मनगट धरायचा, नाडी बघायचा, मान डोलवायचा आणि हात सोडायचा. निदान मिस्त्री असताना तरी सोडायचा. ते गेल्यापासून तो हललाच नव्हता, तरी त्याच्यासमोरून जाताना पहारेकरी नजर चुकवायचा.

त्या दुपारी समिती आली, म्हणजे मोठे साहेब आणि छोटे साहेब. ताईंचं कंत्राट महिनाअखेर संपत होतं, आणि कार्यशाळा ठेवायची की तिला कुलूप लावायचं हे आज ठरणार होतं. असली कामं बाहेरून करून घेता येतात, असं मोठे साहेब जिन्यातच म्हणाले होते. ताईंनी ते ऐकलं होतं. घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

त्या वाकून किल्ली बसवायला लागल्या. किल्ली बसेना. तेवढ्यात मोठ्या साहेबांना विनोद सुचला. आमची शुगर बघा जरा, म्हणत त्यांनी डॉक्टरच्या पंजात मनगट ठेवलं, आणि पंजा मिटला.

सगळे कौतुकाने हसले. साहेबही हसले, हात ओढून बघितला, मग हसायचे थांबले. डॉक्टरच्या छातीत टिकटिक सुरू झाली होती.

"ही माझ्या छातीतली धडधड आहे," साहेब म्हणाले. "मी घाबरतोय तशी तीही वाढतेय."

ताईंनी कोपऱ्यात जाऊन प्रशिक्षकांना फोन लावला. बंद करणं दुसऱ्या दिवशी होतं, ते म्हणाले, आणि खरं सांगायचं तर ते त्यांनाही कोणी शिकवलेलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, किल्ली किती दिलीत?

"दिलीच नाही," ताई हळूच म्हणाल्या. "किल्ली माझ्या हातात आहे."

आपण सध्या रजेवर आहोत, असं घाईघाईने सांगून प्रशिक्षकांनी फोन ठेवून दिला. ताई हातातल्या किल्लीकडे बघत परत आल्या.

इकडे साहेब घामाघूम झाले होते. एवढ्या मोठ्या संस्थेत हे काम येणारं कोणीच कसं नाही, असं त्यांनी चिडून विचारलं. ठेवलं नाहीत म्हणून, ताई बोलून गेल्या. बघू, विचार करू, असं साहेब म्हणाले, तर डॉक्टरची मान सावकाश आडवी हलली आणि पकड घट्ट झाली. प्रस्ताव वर पाठवतो, असं म्हणून बघितलं. मान पुन्हा आडवीच.

"बोटं कोमट लागतायत याची," साहेब रडवेल्या आवाजात म्हणाले. कोणी हसलं नाही.

"करतो," शेवटी ते डॉक्टरच्या काचेच्या डोळ्यांत बघून म्हणाले. "ताईंना कायम करतो. हाताखाली शिकायला दोन माणसं देतो. आत्ता सही करतो."

टिकटिक थांबली. डॉक्टरने मान डोलावली आणि पंजा उघडला.

साहेबांनी तिथेच उभ्या उभ्या सही केली आणि मनगट चोळत बाहेर जाऊन बसले. ताईंना आनंद झाला, अगदी रडू येईल इतका झाला, पण डॉक्टरकडे बघायची हिंमत होईना. त्याला झाकून टाकावं म्हणून त्या कपाटातली चादर घेऊन आल्या.

येऊन बघतात तर पहारेकऱ्याने छोट्या साहेबांना मोठ्या अदबीने डॉक्टरसमोरच्या खुर्चीत बसवलं होतं. खांद्यावरचा हात मात्र तो काढत नव्हता.

"आलाच आहात तर तुमचीही नाडी दाखवून घ्या, साहेब," तो म्हणाला. "माझी फाइल तुमच्याच टेबलावर पडून आहे."

डॉक्टरचा पंजा आपणहून पुढे आला. ताईंनी चादरीची पुन्हा घडी घातली.