शरीराबाहेर पडायचे बटण

लोणावळ्याच्या बाजारपेठेत, चिक्कीच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर, शेंगदाण्याच्या पोत्याला टेकून उमेरा अत्तार हिने ‘मनकवडा’ या नव्या व्हिडिओ गेमला पाचपैकी अडीच तारे दिले आणि सोबत कारणे लेखी जोडली. मराठीतून गेमची परीक्षणे लिहिणारी तिच्या माहितीत ती मावळातली एकटीच. तिला वाचक भरपूर होते. त्यातले निम्मे निव्वळ भांडायला येत, त्यामुळे तिच्या शब्दाला वजन होते.

गेम असा. एका भल्यामोठ्या पहाऱ्याच्या इमारतीत नायकाचे माणूस वरच्या मजल्यावर कोंडलेले आहे. नायकाने लपतछपत आत शिरायचे आणि त्याला सोडवायचे. हत्यार नाही, फक्त मनाची शक्ती. तो दुसऱ्याचे मन वाचतो, हात न लावता वस्तू हलवतो आणि वेळ पडली तर पहारेकऱ्याच्या शरीरात शिरून त्याच्याच पायांनी चालतो. या शेवटच्या करामतीचे उमेराने तोंड भरून कौतुक केले. सावल्या देखण्या आहेत, पावलांचे आवाज अप्रतिम आहेत, कोपऱ्यात दबा धरून बसले की तळहाताला घाम फुटतो, हेही तिने नमूद केले. मुलगी मुळात न्यायी होती.

मग तिने दोषांकडे मोर्चा वळवला. “पहारेकऱ्यांना नाकासमोर उभा असलेला माणूस दिसत नाही. पिंप पडले तरी ते ‘वारा असेल’ म्हणतात आणि जागेवर जाऊन बसतात. कोणाचेही मन वाचा, आत एकच विचार, जेवणाची सुट्टी. मनाच्या शक्तीने लोखंडी कपाट सरकते, पण आतला कागद हलत नाही. सर्वांत गंभीर बाब म्हणजे, एकदा पहारेकऱ्याच्या शरीरात शिरल्यावर बाहेर पडायचे बटण कधीकधी चालतच नाही. नायक तिथेच पहारा देत बसतो. इतका बावळटपणा जगात कुठेही चालत नाही.” गेम बनवणाऱ्या कंपनीने खाली नम्र खुलासा केला की, बटणाची बाब हा दोष नसून वैशिष्ट्य आहे. त्यावर उमेरा इतकी हसली की पोत्यातले चार शेंगदाणे खाली गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पडले.

त्याच दुपारी उम्मेहानी फुफी वलवणहून रिक्षाने आली. हातात नोटीस होती.

फुफी म्हणजे उमेराच्या अब्बांची, मकसूदभाईंची, थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली आणि वर्षानुवर्षे दुकानामागच्या भट्टीवर गुळाचा पाक ढवळत राहिली. मागल्या दिवाळीत मकसूदभाईंनी वलवणला दुसरे दुकान काढून तिच्या हवाली केले. फुफीने गल्ल्यामागे एक लाल गादी घातली आणि त्या गादीवर बसून आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याला हुकूम सोडला. आता ‘दुकान अस्तित्व पडताळणी कक्ष’ नावाच्या कचेरीने कळवले होते की, सदर दुकान अस्तित्वात असल्याचे आढळून येत नाही, सबब महिनाअखेर त्यास सील ठोकण्यात येईल.

भानगड पाटीची होती. बाजारपेठेतल्या दुकानावर आजोबांच्या काळापासून ठसठशीत अक्षरांत लिहिलेले होते, ‘आमची कोठेही शाखा नाही.’ वलवणचे दुकान काढताना मकसूदभाई पेंटरला म्हणाले, “जशी आहे तशीच पाटी काढ.” पेंटर सचोटीचा निघाला.

“अब्बा, वलवणच्या पाटीवरची ती ओळ पुसून टाका,” उमेरा म्हणाली.

“पुसून? त्या ओळीशिवाय कोणी चिक्की घेतलेली पाहिलीस का कधी? गिऱ्हाईक म्हणेल, नकली आहे.”

“मग इथली पुसा.”

“ती तुझ्या दादाजानने लिहून घेतलीय. त्यांना खोटं पाडू?”

“पण शाखा आहे ना आपली!”

“आहे की. पण तसं पाटीवर कोण लिहितं?”

फुफीने नोटिशीची घडी घातली. मग ती म्हणाली, “तुम्ही पाटीचं काय ते बघा. मला एवढंच सांगा, गादी उचलायची की नाही? मला परत त्या कढईपाशी नाही जायचं रे मकसूद.”

“फुफी, मी परवाना आणते,” उमेरा म्हणाली. तिला खरोखर भरून आले होते.

कक्षाच्या खिडकीमागे वडिवळे गावचे कारकून हौशीराम बसले होते. उमेरा त्यांच्या पुढ्यात उभी राहिली. हौशीराम तिच्यातून आरपार भिंतीवरचे कॅलेंडर बघत राहिले. ती दोनदा खाकरली. हौशीरामांनी शिपायाला हाक मारली, “पवन, ती खिडकी लाव रं. वारं लय सुटलंय.”

हा तर गेममधला पहारेकरी. तोच सूर, तोच चेहरा! ती बाकावर जाऊन बसली, फोन काढला आणि परीक्षणातला पहिला दोष गुणांमध्ये हलवला. ‘अत्यंत वास्तवदर्शी,’ असे पुढे लिहिले. तेवढ्यात हौशीराम फोनवर बोलू लागले, “भाताला पानी सोडलं का न्हाई? मी जेवायच्या सुट्टीत येतो.” म्हणजे मनाचेही कंपनीने बरोबर टिपले होते. भिंतीलगतचे लोखंडी कपाट वर्षभरात या खोलीतून त्या खोलीत अनेकदा सरकले होते, त्याचे ओरखडे फरशीवर दिसत होते. आतले कागद मात्र जागचे हलले नव्हते. उमेराने एक तारा वाढवला.

अखेर तिच्या ध्यानात आले की नजरेचा एक ठरावीक टप्पा आहे आणि त्यात फक्त कागद दिसतो, माणूस नाही. तिने नोटीस गजांतून आत सरकवली.

“काय पायजे?” हौशीराम दचकून म्हणाले.

“वलवणच्या दुकानाचा परवाना.”

“त्ये दुकान न्हाईच.”

“मी रोज जाते तिथं!”

“जात असाल. पाटीवर मालकानं सोता लिवलंय, शाखा न्हाई. मालकाला खोटं म्हनायचं व्हय?”

“नाहीच आहे, तर सील कशाला ठोकताय?”

“नसलेलं दुकान उघडं ठिवलंय, म्हनून तर. मोठ्या दुकानाचा दाखला आना, की शाखा हाय म्हनून.”

“मोठ्या दुकानाच्या पाटीवरही तेच लिहिलंय.”

“मंग दाखला खोटा ठरंल. खोटा दाखला आमी घेत न्हाई, ताई.” हौशीरामांचा चेहरा नितळ होता. “तरी पन पडताळनी अधिकारी हाय म्हनाले, तर हाय.”

“कुठे आहेत ते?”

“बदलून गेले. नवीन यायचेत.”

“कधी?”

“आले की दिसतील.”

ते ऐकून उमेराला युक्ती सुचली. घरी निळ्या फितीचे एक ओळखपत्र होते, पुण्यात गेमच्या प्रदर्शनाला गेली होती तेव्हाचे. त्यावर ‘निमंत्रित समीक्षक’ असे छापले होते. दुसऱ्या दिवशी ते गळ्यात अडकवून, काखेत रिकामी फाइल मारून ती कक्षात शिरली. ओळखपत्र वाऱ्याने उलटे झाले होते, पण तिथे सगळ्यांचीच उलटी होती. दारावरच्या माणसाने सलाम ठोकला. पवनने रिकाम्या खुर्चीवरची धूळ झटकली. कक्षाचे प्रमुख गंगाधरसाहेब जाता जाता थबकले.

“आलात का? बरं झालं,” ते म्हणाले आणि शिक्का तिच्या हातात देऊन जेवायला गेले.

उमेराला हसू आवरेना. शरीरात शिरणे इतके सोपे! तिने तोंडावर ओढणी धरून फोन लावला. “फुफी, सवड झाली की फाइल घेऊन खिडकीवर ये फक्त. आत मीच आहे. सही करते आणि पळते.”

पण सुट्ट्यांची गर्दी होती, फुफीला दुकान सोडून येता येईना. इकडे उमेरापुढे अर्ज साचू लागले. पहिल्याच खानावळवाल्याला तिने खटकन सही दिली. गंगाधरसाहेबांना वाईट वाटले.

“मॅडम, इतक्या लवकर सही दिलीत तर काम सोपं आहे असं वाटेल लोकांना. आपल्या कक्षाचंच अस्तित्व धोक्यात येईल.”

मुद्दा बिनतोड होता. शिवाय मुलगी मुळात न्यायी. दुसऱ्या खानावळीच्या पाटीवर ‘रुचकर भोजन’ होते, तिला तिने रुचीचा पुरावा मागितला. ‘गरमागरम वडापाव’वाल्याला तापमानाचा दाखला आणायला सांगितले. ‘घरगुती राहण्याची सोय’ करणाऱ्या बाईंना घर आणि सोय यांचे वेगवेगळे अर्ज करायला लावले. काय मजा होती त्यात! माणसे वाकत होती, चहा न मागता येत होता, पंखा थेट डोक्यावर होता. दारावर तिच्या नावाची पाटी लागली. गंगाधरसाहेब तिला ‘उपजत अधिकारी’ म्हणू लागले. परीक्षण साडेचार ताऱ्यांवर गेले.

महिना संपता संपता हौशीराम लावणीसाठी रजेवर गेले आणि खिडकीवर उमेरा स्वतः बसली. त्याच दिवशी फुफी आली. दुकान शेजारणीवर सोपवून, ठेवणीतली साडी नेसून, हातात फाइल आणि कक्षातल्या सगळ्यांसाठी चिक्कीचा पुडा. ती गजांसमोर हसत उभी राहिली.

उमेरा कॅलेंडर बघत होती. मनात जेवणाच्या सुट्टीचा विचार चालला होता.

फुफी दोनदा खाकरली. “उमेरा, अगं, मी आलेय.”

“पवन,” उमेरा म्हणाली, “ती खिडकी लाव रे. वारं लय सुटलंय.”

फुफीने चिक्कीचा पुडा गजांपाशी ठेवला. मग तिने फाइल आत सरकवली. फाइल मात्र उमेराला लगेच दिसली. तिने दोन्ही पाट्यांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून तपासले आणि शेरा मारला, ‘दुकान आढळून येत नाही. सील करावे.’ शिक्का उठवताना तिच्या आत कुठेतरी कळ आल्यासारखे झाले. अंगठा टेबलाच्या कडेवर काहीतरी चाचपडू लागला. एक बटण सापडले. तिने ते जीव खाऊन दाबले.

बाहेर घंटी वाजली आणि पवन चहा घेऊन आला.

फुफी आता पुन्हा भट्टीवर असते. लाल गादी पोटमाळ्यावर, शेंगदाण्याच्या पोत्यामागे उभी करून ठेवली आहे. दोन्ही पाट्या मात्र जागेवर आहेत आणि मकसूदभाई कोणालाही छातीठोकपणे सांगतात की, त्यातल्या एका पाटीवर आता अक्षर न् अक्षर खरे आहे.

‘मनकवडा’ला उमेराने पाच तारे दिले. जुने सगळे दोष मागे घेऊन तिने एकच नवा नोंदवला, ‘आपले माणूस वरच्या मजल्यावर वाट बघत आहे, हे खेळताना पार विसरायला होते.’ हे परीक्षण लोकांना फार आवडले. तुम्हालाही हसू आले असेल, आलेच पाहिजे. मात्र तुम्ही हसत हसत वाचत होतात तेव्हा मघापासून तुमच्या शेजारी कोणीतरी येऊन उभे आहे. दोनदा खाकरलेसुद्धा.

वारा असेल.