फुर्तादो विरुद्ध फुर्तादो

अदेलिनो फुर्तादोला या व्यवहारात नव्वद हजार डॉलर सुटणार होते.

हिशेब सरळ होता. शेजारचा जनुआरियो बोर्बा नोव्हेंबरात वारला. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. वारस म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला राहणारा एक पुतण्या, आणि त्याने टरलॉक गावातलं ते घर फक्त फोटोत पाहिलेलं. घर प्रोबेटात गेलं, म्हणजे विकायचं ते कोर्टाच्या नजरेखाली. अदेलिनोने तीन लाखांची बोली दिली आणि इस्टेटीच्या वकिलाने ती पत्करली. बाजारात त्याच घराचे तीन लाख नव्वद हजार कुणीही डोळे मिटून मोजले असते. वरच्या नव्वदांतले शहाऐंशी अदेलिनोच्या स्वतःच्या घराच्या कर्जात जायचे, उरलेले चार किरकोळीत. कर्ज फिटलं की नोकरीही फिटली. गेली तीस वर्षं तो पहाटे तीनला उठून गोठ्यागोठ्यांतलं दूध टँकरमध्ये भरत हिंडत होता. ईस्टरनंतर तीन वाजता फक्त कूस बदलायची, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

घर घेऊन पुन्हा विकेपर्यंत लागणारे पैसे त्याच्या डेअरीमालकाने चार महिन्यांपुरते उसने द्यायचं कबूल केलं होतं. बाकी त्याने कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. बायकोलाही नाही. देओलिंदाला एखादी गोष्ट कळली की ती तिच्या बहिणीला कळते, आणि बहिणीला कळली की गावातल्या पोर्तुगीज रेडिओला बातम्या शोधाव्या लागत नाहीत.

अडचण एकच होती. या विक्रीत पत्करलेली बोली म्हणजे अर्धवट लागलेलं लग्न. सुनावणीच्या दिवशी न्यायाधीशांसमोर कुणीही ऐरागैरा उठून जास्त बोली लावू शकतो. पहिली वाढ किती, तेही कायद्यानेच ठरवलेलं. अदेलिनोच्या तीन लाखांवर ती तीन लाख साडेपंधरा हजारांपासून सुरू होणार होती. तोवर दर शुक्रवारी घर सगळ्यांना बघायला उघडं. शेल्बी नावाची दलाल पोरगी दारात बिस्किटांची थाळी घेऊन उभी राहायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला घराचं कौतुक सांगायची.

ते कौतुक अदेलिनोच्या कानात तापलेल्या शिशासारखं ओतलं जात होतं. घर कुणाला आवडताच कामा नये, एवढं त्याच्या लक्षात आलं.

अदेलिनोच्या गॅरेजच्या वरच्या फळीवर एक खारवलेला कॉड मासा फडक्यात गुंडाळून ठेवला होता. पाटासारखा रुंद आणि पाटाइतकाच कडक. जनुआरियोच्या लिंबाला पाणी घालायचं म्हणून मागच्या दाराची किल्ली अदेलिनोकडे होतीच. गुरुवारी संध्याकाळी त्याने घरातल्या बोळाच्या भिंतीवरची जाळी काढली, गरम हवा येते त्या नळीत मासा सरकवला, जाळी परत बसवली आणि जाताजाता लिंबालाही पाणी घातलं. कामात त्याची कुचराई नसे.

शुक्रवारी सकाळी थंडी होती. शेल्बीने हीटर लावला आणि दहा मिनिटांत घर बोलायला लागलं.

पहिलं जोडपं दंतवैद्यांचं. बाईंनी स्वयंपाकाच्या ओट्याची तारीफ करायला तोंड उघडलं, ते तसंच मिटलं आणि त्या नवऱ्याचं मनगट धरून बाहेर पडल्या. दुसरा घरं घेऊन भाड्याने देणारा, भिंती ठोकून बघायला हातोडी घेऊन आलेला. तो गेला, हातोडी राहिली. शेल्बीने खिडक्या उघडल्या, मग लिंबाच्या वासाच्या मेणबत्त्या लावल्या. त्यामुळे एवढंच झालं की घराला लिंबू पिळलेल्या माशाचा वास यायला लागला. आपल्या अंगणात खुर्ची टाकून बसलेला अदेलिनो प्रत्येक पळणाऱ्या गिऱ्हाईकाला टोपी काढून निरोप देत होता.

मग लिओकादियाबाई आल्या.

लिओकादियाबाई चौऱ्याऐंशीच्या, नखशिखान्त काळ्या कपड्यांतल्या, गल्लीतल्या साऱ्या विधवांच्या पुढारी. त्यांना घर बघायचं नव्हतं. जनुआरियोला दिलेलं आपलं पातेलं न्यायला त्या आल्या होत्या. बोळात पाऊल टाकलं आणि त्या थबकल्या. एक लांब श्वास घेतला. ईस्टरआधीच्या उपवासातल्या दर शुक्रवारी जनुआरियो साऱ्या गल्लीसाठी हाच मासा बटाटे घालून रांधायचा, आणि ते बटाटे इतकी वर्षं बाईंनीच सोललेले. त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या. गॅसचा कॉक बंद. शेगडी गार. कढई खिळ्याला टांगलेली. त्या परत बोळात आल्या आणि जाळीसमोर सतरंजीवर त्यांनी गुडघे टेकले.

शेल्बीला वाटलं म्हातारीला चक्कर आली. तिने ॲम्ब्युलन्स बोलावली. ॲम्ब्युलन्स बघून गल्ली गोळा झाली आणि गल्लीने नाक वर करून वास घेतला. आज शुक्रवार, उपवासाचे दिवस, चूल बंद, आणि जनुआरियो रांधतोय! ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरलासुद्धा कुणीतरी गुडघ्यावर बसवलं. तो बिचारा मेक्सिकन; त्याला वाटलं इथली पद्धत असेल.

पुढच्या शुक्रवारी फाटकापर्यंत रांग. लोक आत जात, डोळे पुसत बाहेर येत आणि शेल्बीला किंमत विचारत. एवढ्या वर्षांत तिने गिऱ्हाइकांना व्याजाचा दर ऐकून रडताना पाहिलं होतं, पण बोळ बघून रडणारे हे पहिलेच. मधल्या एका रात्री अदेलिनो मासा काढायला गेला. खांद्यापर्यंत हात घातला. मासा नळीत खोल घसरला होता, आणि बाहेर दोन विधवा जपमाळ घेऊन ओट्यावर बसल्या होत्या. त्याने लिंबाला पुन्हा पाणी घातलं.

खरा घोटाळा रविवारी झाला. पवित्र आत्म्याच्या मंडळाची सभा भरली. हे मंडळ दरवर्षी उत्सव करतं, गावाला जेवण घालतं आणि उत्सवाचा चांदीचा मुकुट या घरातून त्या घरात मिरवतं. अध्यक्ष दरवर्षी बदलतो. या वर्षी अध्यक्ष होता अदेलिनो फुर्तादो.

लिओकादियाबाईंनी प्रस्ताव मांडला. मुकुटाला कायमचं घर हवं, आणि ते कुठलं हे वरूनच कळवण्यात आलं आहे. खजिनदार एर्मिनिओ म्हणाला, मंडळाकडे इतक्या वर्षांची शिल्लक आहे, तीन लाख वीस हजारांपर्यंत जाता येईल, त्यापुढे एक डॉलर नाही. अदेलिनो उठला. छप्पर गळतंय, भिंतींना बुरशी आहे, तुळयांना वाळवी आहे, असं त्याने सांगितलं.

"तुझ्या गॅरेजात उंदीर आहेत, तरी राहतोसच ना?" बाई म्हणाल्या.

एर्मिनिओने मात्र चष्मा पुसला आणि विचारलं, की वाळवी बघायला अध्यक्ष तुळईवर कधी चढले होते?

सगळ्या माना वळल्या. संशय झटकायला अदेलिनोला काहीतरी भव्य बोलणं भाग होतं. तो म्हणाला, मी घराची काळजी बोलून दाखवली, श्रद्धेची नाही, आणि मंडळाला कोर्टात जे काही कमी पडेल ते मी माझ्या खिशातून घालीन! टाळ्या पडल्या. एका बाईने त्याच्या हाताचं चुंबन घेतलं. त्याने मनात हिशेब केला होता: मंडळ वीसला थांबणार, आपण बावीसला घेणार, खेळ खलास. टाळ्यांच्या गडबडीत आपण काय बोललो, ते त्याने त्या हिशेबात धरलंच नाही.

सुनावणीच्या दिवशी काळ्या कपड्यांनी कोर्टाचे दोन बाक भरले. देओलिंदाही आली होती, विणकाम घेऊन. मंडळाच्या नावाने बोलायचा अधिकार अध्यक्षाचा, त्यामुळे अदेलिनो पुढे. वकिलाने मूळ बोली वाचली: तीन लाख, अदेलिनो फुर्तादो. मागच्या बायकांना इंग्रजी बेताचंच येत होतं. त्यांना आपल्या अध्यक्षाचं नाव ऐकू आलं आणि त्या कौतुकाने हसल्या. देओलिंदाला इंग्रजी उत्तम येत होतं. तिची सुई क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू झाली.

जास्त बोली कुणाची आहे का, न्यायाधीशबाईंनी विचारलं. लिओकादियाबाईंची काठी मागून अदेलिनोच्या बरगडीत आली. त्याने हात वर केला.

"तीन लाख साडेपंधरा हजार. पवित्र आत्म्याच्या मंडळातर्फे."

"आपलं नाव?"

"अदेलिनो फुर्तादो."

न्यायाधीशबाईंनी कागद बघितला. "आणि मूळ बोलीवाले मिस्टर फुर्तादो हजर आहेत का?"

"आहेत."

"कुठे?"

"इथंच," अदेलिनो म्हणाला आणि आपल्या छातीकडे बोट केलं.

याला मनाई आहे का, असं न्यायाधीशबाईंनी वकिलाला विचारलं. वकिलाने बराच वेळ पानं उलटली आणि सांगितलं, की असा नियम करायची वेळ येईल असं आजवर कुणाला वाटलेलं दिसत नाही. शेवटी बाईंनी तोडगा काढला. मंडळातर्फे बोलायचं तेव्हा टेबलाच्या डाव्या बाजूला उभं राहा, स्वतःतर्फे बोलायचं तेव्हा उजव्या. वाढ कमीत कमी एकेक हजाराची.

अदेलिनो उजवीकडे गेला: साडेसोळा. काठी. डावीकडे आला: साडेसतरा. उजवीकडे साडेअठरा, डावीकडे साडेएकोणीस. मागच्या बायकांना एवढंच दिसत होतं की कुणीतरी न दिसणारा दुष्ट माणूस आपल्या अध्यक्षाला कोर्टभर पळवतोय. एकीने त्याला पाण्याची बाटली दिली.

उजवीकडून अदेलिनो म्हणाला, "तीन लाख एकवीस."

मंडळाची मर्यादा संपली. त्याने चेहरा पाडला, वळला आणि पोर्तुगीजमध्ये दुःखाने सांगितलं, की देवाची इच्छा. आपण वीसच्या पुढे जाऊ शकत नाही.

"वीस मंडळाचे," लिओकादियाबाई म्हणाल्या. "पुढचे तुझे. सभेत बोललास की. जा, डावीकडे जा."

एर्मिनिओने वहीत ती प्रतिज्ञा लिहून आणली होती आणि ती तो आता उंच धरून बसला. अदेलिनो डावीकडे गेला. बावीस. म्हणजे दोन हजार आपले. उजवीकडे गेला, तेवीस. डावीकडे चोवीस, म्हणजे चार आपले. उजवीकडे पंचवीस. डावीकडे सव्वीस, सहा आपले. उजवीकडे सत्तावीस, डावीकडे अठ्ठावीस, आणि तिथे त्याचे पाय थांबले. उजव्या पायाने टाकलेला प्रत्येक हजार डाव्या खिशातून जात होता. तो जितका जिंकायला जाईल तितकं त्याचं दान वाढत होतं, आणि काठी काही थकणारी नव्हती. त्याने केविलवाण्या नजरेने बायकोकडे पाहिलं. देओलिंदा टाके मोजत होती.

"उजवे मिस्टर फुर्तादो?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"ते थकले," अदेलिनो म्हणाला.

हातोडा पडला. बायकांनी त्याला मिठ्या मारल्या. त्या दुष्टाला तू चांगला दमवलास, असं सांगून लिओकादियाबाईंनी त्याच्या पाठीवर थाप दिली, काठी लागली होती नेमकी तिथेच.

गाडीत बसल्यावर देओलिंदा म्हणाली, "मासा कुठं आहे, अध्यक्षसाहेब?"

"कुठला मासा?"

"माझ्या बहिणीने गुड फ्रायडेसाठी पाठवलेला. गॅरेजातला."

अदेलिनोने गाडी कडेला घेतली. "तुला कधी कळलं?"

"लिओकादियाबाईंनी गुडघे टेकले त्या दिवशी. माझ्या बहिणीचा मासा मला शंभरांत ओळखू येतो."

"मग बोलली का नाहीस?"

"तू घराचं बोलला होतास?"

अदेलिनोने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

तर शेवटचा हिशेब असा. जनुआरियोच्या पुतण्याला अठ्ठावीस हजार जास्तीचे मिळाले. त्याने मंडळाला नाताळचं कार्ड पाठवलं. शेल्बीला दलाली मिळाली, वर कुणाची तरी हातोडी. मंडळाला घर मिळालं, मुकुटाला फळी मिळाली. अदेलिनोने आठ हजार भरले, आणि पहाटे तीनला टँकर अजून तोच हाकतो.

यात एक बाब राहिली. उपवासाच्या दर शुक्रवारी ते घर आता भाविकांसाठी उघडतात, आणि एकच मासा किती वर्षं पुरणार? दरवर्षी देओलिंदा नवा आणते, फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात देते आणि लिंबाला पाणी घालून ये म्हणते. माशाचे सेहेचाळीस डॉलर ती घरखर्चात धरत नाही. अदेलिनोच्या सिगारेटच्या पैशांतून कापते.