बदलीचा डॉक्टर तंदुरुस्त असावा

डॉक्टरला रजा लागत नाही. एक तर तो आजारी पडत नाही. आणि पडलाच, तर डॉक्टर जवळच असतो. लष्कराच्या मुख्य कार्यालयाने हे सत्य फार पूर्वीच ओळखले आहे.

परदेशातल्या त्या ठाण्यावर चारशे जवान होते आणि डॉक्टर एक. नेमणूक बारा महिन्यांची. डॉक्टरसाहेबांना एकतीस झाले होते. (वरचे एकोणीस 'किरकोळ विलंब' या सदरात मोडतात.) ते निघाल्यावर जन्मलेली लेक आता बोलू लागली होती आणि त्यांना 'फोनवाले काका' म्हणत होती.

"अहो, हसू नका," बायको फोनवर म्हणाली, "तिला खरंच तसं वाटतंय."

साहेब हसत नव्हते.

नियम सोपा होता. बदलीचा डॉक्टर आल्याशिवाय जुन्याने हलायचे नाही, आणि आलेला डॉक्टर तंदुरुस्त आहे की नाही हे जुन्यानेच तपासायचे. म्हणजे स्वतःच्या सुटकेवर स्वतःच सही करायची! एवढा विश्वास हल्ली सख्खा भाऊ तरी टाकतो का?

पहिला बदलीवाला आला तो कावीळ घेऊनच. दुसरा यादीत होता, पण जगात नव्हता. तिसरा मंगळवारी विमानातून उतरला. चांगला तरणाबांड, खदाखदा हसणारा. साहेबांची बॅग दाराशी तयार होती, वर लेकीसाठी घेतलेली बाहुली. त्यांनी नळी त्याच्या छातीला लावली आणि त्यांचा चेहरा पडला. ठोके चुकत होते. त्यांनी पुन्हा ऐकले. मग नळी पुसून पुन्हा ऐकले.

"सर, जिना चढलो की जरा दम लागतो, एवढंच," तो म्हणाला. "करा की सही. घरी वाट बघत असतील."

इथे साहेबांनी घोडचूक केली. ते डॉक्टरसारखे वागले. त्यांनी 'अयोग्य' असे लिहिले आणि सही ठोकली. परतीच्या विमानात जागा एकच होती, साहेबांसाठी राखून ठेवलेली. तिच्यात बसून बदलीवाला घरी गेला. बाहुली साहेबांनी त्याच्याबरोबर पाठवली.

कार्यालयाने या सचोटीची तत्काळ दखल घेतली. असा माणूस हलवणे जवानांच्या हिताचे नाही, असे ठरवून साहेबांना एक वर्षाची मुदतवाढ दिली.

हळहळलात ना? कार्यालयाला चार शिव्याही घातल्या असतील. घाला, आमची हरकत नाही. फक्त असे धरा, की त्या चारशेंत तुमचा मुलगा आहे, आज तापाने फणफणलाय, आणि विमान उद्या सकाळी सुटतेय. सोडाल साहेबांना?

मग? कार्यालय तरी दुसरे काय म्हणत होते?