दम नसलेले धंदे

परंड्याच्या एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. शेजारच्या गाळ्यावर एक भली मोठी पाटी होती. तिच्यावर लाल अक्षरांत 'नागूअण्णा यांचे' एवढंच लिहिलेलं. पुढं सगळं पांढरं. अण्णांचं नेमकं काय, हे अण्णांचंच अजून ठरत नव्हतं.

नागूअण्णा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. रिटायर झाल्यावर त्यांना मोबाईलमध्ये धंद्याचे धडे देणारा एक कोटवाला भेटला. जे कुणीच करत नाही तोच धंदा करा, असं तो सांगत होता. अण्णांनी खूणगाठ बांधली. तेव्हापासून भेटेल त्याला एकच प्रश्न, "गिऱ्हाईक हाय, पर दुकान कुणाचं न्हाय, असं काय हाय का?" न्हाव्याकडं अर्धी दाढी झालेल्या माणसालाही त्यांनी हे विचारलेलं मी पाहिलंय. बिचारा मानही हलवू शकत नव्हता.

पहिला शोध लागला तो बिनसाखरेच्या चहाचा. जन्मभर साखरेवर पोट भरलेल्या माणसाला हे कसं सुचलं, देव जाणे. किटली आली, कप आले. आठवड्याभरात किटली घरी गेली. मी कारण विचारलं तर म्हणाले, "चहात काय दम न्हाय."

मग शिवलेले तयार फेटे. लग्नात आयत्या वेळी फक्त डोक्यावर ठेवायचे. मापाला माझं डोकं घेतलं. तो फेटा असा रुतला की दुपारपर्यंत मी फेट्यातच सातबाऱ्याच्या झेरॉक्स काढल्या आणि दोघातिघांनी माझं अभिनंदन केलं. पण स्टँडमागचे रशीदचाचा, जे हातानं फेटे बांधतात, ते एकदा येऊन तयार फेटा नुसता निरखून गेले. दुसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, "फेट्यात काय दम न्हाय."

मी त्यांची यथेच्छ टिंगल केली. धरसोड माणूस, दुसरं काय!

शेवटी कमलकाकूंनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, निर्वाणीचं सांगितलं. खंडेनवमीला गावातले सगळे आपापल्या हत्यारांची पूजा करतात. त्या दिवशी गाळ्यात पुजायला काही नसलं, तर दसऱ्यापासून गाळा मोबाईलवाल्याला भाड्यानं.

अण्णा हबकले. आणि चारच दिवसांत टेम्पोतून एक खोकं उतरलं. कलर झेरॉक्स मशीन! "स्टँडावर कलर कुणाकडंच न्हाय," अण्णा मलाच कौतुकानं सांगत होते. माझं जुनं मशीन काळं-पांढरंच काढतं. मी अण्णांशी बोलणं टाकलं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तेच खोकं टेम्पोत परत चढलं. "कलरमधी काय दम न्हाय," अण्णा माझ्याकडं न बघता म्हणाले.

संध्याकाळी चहाच्या गाड्यावर शांतावहिनींना मी हे सांगितलं. नवऱ्यामागं त्या एकट्याच गाडा चालवतात. त्या म्हणाल्या, "चहातबी दम नव्हता की. माझी गिऱ्हाइकं तिकडं वळली, ते त्यांनी बघितलं. लगेच किटली घरी न्हेली."

मी हातातला पाव बशीत ठेवला. मला फेटा निरखणारे रशीदचाचा आठवले, आणि टेम्पोत परत चढलेलं ते खोकं.

खंडेनवमीला स्टँडसमोर झेंडूच झेंडू. रशीदचाचांच्या कात्रीलासुद्धा हार होता. अण्णांच्या गाळ्यात मात्र केरसुणीला हार घालून ठेवलेला. काकू कुलूप हातात घेऊन उभ्या होत्या. अण्णा खुर्चीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला "बसा की" म्हणत होते, आणि सणाच्या गडबडीत कुणी बसत नव्हतं. काट्यावर असताना ट्रॅक्टरची रांग लागायची आणि अण्णा प्रत्येकाला गाव, पाणी, पोरंबाळं विचारायचे. या माणसाला धंदा नको होता, माणसं हवी होती. मला फार वाईट वाटलं.

मी दुकानात गेलो. आताच पुजलेलं लॅमिनेशनचं मशीन हारासकट उचललं आणि अण्णांच्या टेबलावर आणून ठेवलं.

"अण्णा, लॅमिनेशनमधी काय दम न्हाय. म्या सोडलं."

अण्णांनी मशीनकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"गिऱ्हाईक हाय?"

"लई हाय."

"आन दुकान?"

"सकाळपस्तोर होतं. आता कुणाचंच न्हाय."

अण्णांनी केरसुणी कोपऱ्यात सरकवली. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा पुसला.

"अगं, ते कुलूप ठेव," ते काकूंना म्हणाले. "हळदीकुंकू आण. आन त्या पाटीवाल्याला बोलावून घे."