नाना घरात नाहीत

समोरच्या सिस्टरांचे पत्र येऊन पुष्कळ दिवस झाले होते आणि नानांनी त्याला उत्तर दिले नव्हते. म्हणजे लिहिले पुष्कळदा होते, दिले मात्र नव्हते.

सिस्टर म्हणजे रस्त्यापलीकडच्या घरात राहणाऱ्या निवृत्त परिचारिका. जाड पेनाने, ठसठशीत अक्षरांत त्यांनी लिहिले होते, 'डोळ्यांनी दगा दिला आहे. पुस्तक वाचता येत नाही. तुम्ही दिवसभर वाचता असे ऐकते. रोज तासभर मला वाचून दाखवाल का? जमत नसेल तर तसे कळवा.'

नानांचे आयुष्य छापखान्यात मुद्रिते तपासण्यात गेले होते. दुसऱ्याच्या मजकुरातले जास्तीचे शब्द त्यांना लांबून दिसत. स्वतः लिहायला बसले की मात्र आपला आवाज घोगरा आहे, मधेच खोकला येतो, कुठे थांबावे ते कळत नाही, असे सांगता सांगता ते चौथ्या पानावर जात, आणि मूळचा होकार वाटेत कुठेतरी सांडलेला असे. मग कागद फाडायचा. जायचे तर त्यांना मनापासून होते. बायको गेल्यापासून त्यांनी कोणाला काही वाचून दाखवले नव्हते.

पंचाईत अशी, की नानांचे टेबल रस्त्याकडच्या खिडकीशी होते आणि समोरच्या ओट्यावर सिस्टर बसलेल्या असत. नानांनी मान वर केली, की त्या थेट इकडेच पाहत असायच्या. शेवटी नाना पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात बसू लागले.

"बाबा, इथं भाजी चिरायची असते," सून म्हणाली. "तुमच्या टेबलाला काय झालं?"

"तिकडे ऊन फार येतं."

हे निम्मे खरे होते. दुसऱ्याच दिवशी सुनेने काचेला फिल्म लावणाऱ्याला बोलावले. त्याने साबणाचे पाणी फवारले, फिल्म चिकटवली, रबरी पट्टीने बुडबुडे काठाशी ढकलत नेले आणि म्हणाला, "ऊन कमी, आणि दिवसा बाहेरून नुसता आरसा. तुम्ही जगाला बघा, तुम्हाला कोणी बघणार नाही."

"नक्की ना?"

"बाहेर जाऊन बघा की."

नाना बाहेर गेले. खिडकीतून एक चिंताक्रांत म्हातारा त्यांच्याकडे पाहत होता. नानांनी सवयीने त्याला वाट करून दिली.

दुसऱ्या दिवशी ते निर्धास्तपणे पुस्तक उघडून बसले, तर एका गृहस्थाने वीतभर अंतरावर तोंड आणले आणि दात कोरायला सुरुवात केली. नानांनी नजर खाली वळवली. मग एक बाई केस सारखे करून गेल्या. मग एका पोलिसाने वेगवेगळ्या प्रकारे रागावून पाहिले आणि त्यातला एक प्रकार पसंत करून तो निघून गेला. नाना पान उलटायचे विसरले. कोणी बघत नसताना माणूस कसा दिसतो, हे त्यांनी आजवर फक्त पुस्तकांत वाचले होते.

चार दिवसांनी कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानातला विक्रेता आला आणि आरशाला म्हणाला, "साहेब, दोन दिवस रजा पाहिजे. आईला बरं नाही, शिवाय पाहुणे यायचेत, शिवाय माझी पाठ धरलीय, आणि गाडीचं पण…"

"एकच कारण सांगा," नाना बोलून गेले.

खिडकीची वरची झडप उघडी होती, आवाज बाहेर गेला. विक्रेता दचकून मागे सरकला, पुन्हा पुढे आला. "साहेब, आईला बरं नाही. दोन दिवस रजा पाहिजे."

"आता थांबा," खिडकी म्हणाली.

रजा मिळाली, आणि तिथून सगळे बिघडत गेले. विक्रेत्याने मित्राला आणले. मित्राने मुलाखतीला निघालेल्या बहिणीला आणले. बायकोची आवडती बरणी फोडलेला एक जण आला. खिडकीचा सल्ला एकच असे, जास्तीचे काढा. लोक काढत, आणि त्यांची कामे होत.

"बाबा, खिडकीपुढं रांग कसली?" सुनेने विचारले.

"आरसा चांगला आहे म्हणतात."

"असेल," सून म्हणाली. जाताना टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवून गेली. बोलून बोलून घसा सुकतो हे हिला कसे कळले, असे नानांच्या मनात आले, पण तेवढ्यात पुढचा माणूस बोलू लागला.

एका दुपारी काठी टेकत सिस्टर आल्या. रांगेने त्यांना पुढे जाऊ दिले. त्यांनी काचेला जवळजवळ नाक लावले. नाना खुर्चीसकट मागे सरकले.

"नानांना निरोप द्यायचा होता."

नानांनी पुस्तक तोंडापुढे धरले. मग खिडकी म्हणाली, "नाना घरात नाहीत."

"असं होय. कधी येतील?"

"त्यांचं काही सांगता येत नाही."

"तेही खरंच. ही काच कशाला हो बसवली त्यांनी?"

खिडकी खाकरली. "समोरून दिसतं म्हणून."

"समोर तर मी राहते. मला तिथून हे घर म्हणजे नुसता पांढरा डाग दिसतो. नाना कधी दिसलेच नाहीत मला."

नानांना स्वयंपाकघरात काढलेल्या सगळ्या दुपारी आठवल्या.

"निरोप काय देऊ?" त्यांनी बारीक आवाजात विचारले.

"भाचीनं वाचून दाखवणारा फोन आणलाय. तो मेला पूर्णविरामालाही श्वास घेत नाही. काल एका पानात तीन माणसं मेली, मला पत्ता नाही. उद्या सकाळपर्यंत नानांचं उत्तर आलं नाही, तर त्या फोनशीच जमवून घेणार. पुन्हा कोणाला विचारायची नाही."

"नानांना थोडक्यात लिहिता येत नाही."

"मग मोठ्या अक्षरांत लिहू दे म्हणावं. बोटभर उंच. पानावर चार शब्द बसले तरी पुष्कळ झाले. दुसरं पान मला सापडत नाही."

सिस्टर वळल्या. "चला, पुढचे या," त्या रांगेला म्हणाल्या, आणि त्यांच्या मते हळू आवाजात, "आणि इथं कोणी नानांचं नाव घेऊ नका रे. लाजतात ते."

"माहितीय, सिस्टर," विक्रेता म्हणाला. "पहिल्या दिवसापासून नाही घेत."

आत नाना बराच वेळ कानाला हात लावून बसले होते. कान गरम झाले होते. मग त्यांनी सून ज्याने डब्यांवर नावे घालते ते जाड पेन आणले. पहिल्या शब्दानेच सबंध ओळ खाल्ली. चार शब्दांत पान संपले: 'उद्या चार वाजता येतो.' आवाज घोगरा आहे हे लिहायचे राहिले, म्हणून त्यांनी कागद उलटला. शाई आरपार उतरली होती.

नाना दार उघडून बाहेर आले. रांगेतले सगळे एकदम आरशात बघू लागले. रस्ता ओलांडून ते सिस्टरांच्या फाटकावरच्या पत्रपेटीपाशी गेले आणि सवयीने मागे वळून पाहिले. पलीकडे त्यांच्याच खिडकीत एक म्हातारा हातात कागद धरून उभा होता. परत न्यावा, दोन शब्द वाढवावेत, असे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

"आता थांबा," नाना त्याला म्हणाले, आणि त्यांनी पत्र पेटीत सोडले.