रवळोजीरावांच्या मिशा

"अगं, फळीवरच्या मिशा कुठं गेल्या?"

शहापुरातल्या आपल्या कारखान्यातून नागोजी मूर्तिकार ओरडला, तशी त्याची बायको अंबुबाई चुलीपुढनं उठून दारात आली.

"कुणाच्या मिशा?"

"रवळोजीरावांच्या! मेणाच्या! हितंच ठेवलत्या!"

निपाणीचे तंबाखूचे व्यापारी रवळोजीराव वारून वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला त्यांचा कांस्याचा अर्धपुतळा हवा होता. मेणाचा चेहरा तयार होता. त्यावर माती लिंपायची, भट्टीत मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत कांस्याचा रस ओतायचा, एवढंच उरलं होतं. त्याआधी फक्त वर पीळ दिलेल्या मिशा डकवायच्या राहिल्या होत्या. त्या मिशांना अख्खी निपाणी वचकून असायची.

"त्या व्हय..." अंबुबाई चाचरली. "मला वाटलं, उरलेलं मेण हाय. शेजारच्या राजाक्काच्या टाचा लई फुटल्यात. तेलात कढवून मलम करून दिलं."

"टाचंला? रवळोजीराव टाचंला लावलं?"

नागोजी धावतच सुटला. राजाबाई मागावर बसून लुगडं विणत होती, पाय मागाखालच्या खड्ड्यात.

"आक्का, पाय वर काढा!"

"का रं? साप हाय काय?"

"साप न्हाय, मिशा हायत!"

राजाबाई किंचाळून उठली, पटापट धागे तुटले, आणि तिचा नवरा भावकू काठी घेऊन आला. त्याला सगळं समजावेपर्यंत नागोजीला घाम फुटला. शेवटी एक मिशी वाटीत मिळाली, दुसरी टाचांवरून खरवडून घ्यावी लागली.

खानापूरहून नवं मेण येईपर्यंत थांबायला सवड नव्हती. नागोजीनं त्याच तेलकट मेणाला झोकदार पीळ दिला, मिशा डकवल्या आणि माती लिंपली. साचा वाळला, मेण वितळून गेलं. अंबुबाईनं जीव खाऊन भाता मारला. मुशीतला रस सूर्यासारखा पेटला आणि नागोजीनं तो थेंबही न सांडता ओतला. "साधलं गं, साधलं!" म्हणून तो लहान पोरासारखा नाचला.

साचा फोडला. कपाळ झकास. डोळे झकास. मिशा मात्र भिजलेल्या कोंबड्याच्या शेपटीगत खाली! तेलानं मऊ पडलेलं मेण ओल्या मातीच्या भारानं लवलं होतं.

तेवढ्यात दाराशी गाडी थांबली. रवळोजीरावांची विधवा मालुबाई आणि मुलगा मारुतीराव उतरले.

"ह्ये आमचे आप्पा?" मारुतीराव कडाडला. "मिशा खाली? निपाणीत तोंड कसं दाखवू मी?"

अंबुबाई भात्यामागं दडली.

मालुबाई पुतळ्यापुढं आली. तिनं नकळत डोईवरचा पदर सावरला.

"मारुती, गप बस," ती म्हणाली. "मिशा वर असायच्या त्या पेढीवर. उंबऱ्याच्या आत आले की अशाच. पुतळा घरातच बसवायचा हाय न्हवं?"