बारी म्हंजे बारी

जो माणूस समोर बसलेलाच नाही, त्याच्याशी रोज संध्याकाळी भांडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे उरकुडाजी.

"काय गा गोविंदा, लय फुगला होता नं? मारली तुझी सोंगटी! आता जाय वापस घरी!" असं ओरडून ते पटावरची सोंगटी उचलत अन् समोरच्या रिकाम्या जागेकडं बोट नाचवत. त्या जागेवर नुसती गोणपाटाची घडी टाकलेली असे. गोविंदा तिथं नव्हता. दीड वर्षापासून गावातच नव्हता. लढाईचे दिवस होते, तो आसामकडं रेल्वेचे रूळ टाकायच्या कामावर गेला होता. आणि हा गोविंदा म्हणजे माझा नवरा.

आता नाव लिहिलं खरं. तोंडानं मात्र मी ते, लग्नातला उखाणा सोडला तर, साऱ्या जन्मात एकदाच घेतलं. ते कसं घ्यावं लागलं हेच सांगायला बसले आहे, पण आधी उरकुडाजी सांगायला पाहिजेत.

त्यांच्या आधीची तीन भावंडं जगली नाहीत, म्हणून यांना जन्मल्याबरोबर घडीभर उकिरड्यावर ठेवलं आणि नाव ठेवलं उरकुडा. देवालाही वाटावं, हे काय न्यायचं! ते स्वतः सांगत, "देव एक डाव पाहून गेला, नाक दाबून वापस गेला." आम्ही कोहळी जातीचे. आमच्या पुरख्यांना तलाव बांधायचं वेड, अन् तलाव म्हटला की पाणकर आला. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कधी आणि किती पाणी सोडायचं हे ठरवणारा तो पाणकर. उरकुडाजी चाळीस वर्षं गावाचे पाणकर होते, अन् साऱ्या गावाचे मामाजी. फावडं त्यांच्या खांद्यावरून फक्त झोपताना उतरे. लग्नाच्या पंगतीला आले तरी धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, जसे काही चिखलातूनच आले आहेत.

ते जगातली प्रत्येक गोष्ट बोटांनी मोजत. पाण्यात बोटं उभी धरून खोली मोजायची सवय ना! वाढणारीला म्हणायचे, "दोन बोटं वरन वाढ वो बाई." डोमाजी शिंप्याच्या पोरीला ताप आला तेव्हा कपाळावर हात ठेवून म्हणाले, "चार बोटं ताप आहे, उद्या उतरते." आणि उतरला!

तलावाचा नियम असा की पाणी आधी शेवटच्या बांधीला द्यायचं, नाही तर वरचेच पिऊन टाकतात. एका लग्नात यांनी तोच नियम पंगतीला लावला. वाढपी वरातीकडून निघाले, यांनी फावडं आडवं धरलं. "आधी शेवटच्याले!" वराचा मामा पत्रावळीवर हात ठेवून बसला आणि गावातले गुराखी भात जेवून उठले. मामा चिडला. उरकुडाजी शांतपणे म्हणाले, "पान्याले नातं समजत नाही, पाहुने. बारी म्हंजे बारी."

बारी म्हणजे पाळी. हा त्यांचा मंत्रच.

दिवा लागला की आमच्या सपरीत, म्हणजे घराच्या पुढच्या ओसरीत, पचिशीचा पट पसरला जाई. डोमाजी शिंप्यानं लाल-काळ्या चिंध्या जोडून तो शिवला होता. खेळणारे चौघं: उरकुडाजी, डोमाजी, माझे भासरे तानबाजी, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, आणि नवरा. कवड्या टाकायच्या, दान पडेल तेवढी सोंगटी चालवायची, दुसऱ्याची सापडली तर मारायची. खेळ साधा होता, पण उरकुडाजींनी त्याला तलावाचा कायदा लावला. कवड्या उचलायच्या आधी प्रत्येकानं मोठ्यानं पुकारायचं, "डोमाजीची बारी!" "तानबाजीची बारी!" जसं ते तलावाच्या तोंडाशी उभं राहून पुकारत. पुकारलं नाही तर दान रद्द.

आणखी एक विचित्र नियम होता. खेळ सुरू होण्याआधी ते स्वतः एक दान टाकत. ते कोणाचंच धरायचं नाही. "हे पहिलं दान. याले कोनी हात लावू नोका." मग कवड्या गोळा करून खेळ सुरू. सगळे समजत, देवाचं असेल.

नवरा गेला त्या संध्याकाळी भासरे म्हणाले, "आता तिघंच खेळू."

"काऊन? गोविंदा मेला का?"

"नाही जी, गेला तं आहे."

"गेलेल्या मानसाची बारी बंद होते का? त्याच्या बांधीचं पानी मी बंद केलं का?" असं म्हणून त्यांनी दोन्ही हात पुढं केले. "उजवा हात माझा, डावा गोविंदाचा."

तेव्हापासून डाव्या हातानं नवऱ्याचं दान पडू लागलं. गंमत अशी की डावा हात जास्त नशीबवान निघाला. पंचवीस पडले की उरकुडाजी डाव्या हाताकडं असे डोळे वटारून पाहत की तो त्यांचा नाहीच! डोमाजी पोट धरून हसायचा. "अहो, हात तुमचा, दान तुमचं, अन् शिव्या कोनाले देऊन राहिले?"

"गोविंदाले! लबाड आहे तो पहिल्यापासून."

मी दाराआड लाखोळीची डाळ निवडत बसलेली असे. सुरुवातीला दोन पत्रं आली, नंतर वर्षभर काहीच नाही. गावातली माणसं नवऱ्याचं नाव हळू आवाजात घेऊ लागली. बाया पाणी भरताना आधी माझ्या हातातल्या बांगड्यांकडं पाहत, मग तोंडाकडं. आणि इकडं उरकुडाजी रोज गल्लीला ऐकू जाईल असं ओरडत, "गोविंदा, लबाडा, आता कुठी जाशील?" मला त्या शिव्यांची सवय झाली. एखाद्या दिवशी त्यांनी डाव्या हाताला नीट शिवी दिली नाही तर मला रात्री जेवण जात नसे. मेलेल्या माणसाला कोणी लबाड म्हणत नाही ना!

त्या वर्षी पाऊस भादव्यातच आटपला. धान पोटरीला आलं होतं, तलावाचं पाणी सोडायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उरकुडाजी बाऱ्या पुकारणार, त्याच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. भासऱ्यांनी कवड्या खाली ठेवल्या.

"मामाजी, उद्या गोविंदाचं नाव पुकारू नोका. त्याची बांधी माझ्या बारीत घ्या. अन् हे डावं-उजवंही आता बंद करा. गाव हासून राहिलं. पोट्टीले मी तिच्या माहेरी पोचवून देतो. कोवळी आहे, किती दिवस वाट पाहील?"

भासरे वाईट नव्हते, बरं का. पण एकदा बारी गेली की बांधी गेली, बांधी गेली की घर गेलं, आणि माझ्या बांगड्या तर आपोआपच गेल्या. सुपातली डाळ माझ्या हातून सांडली.

उरकुडाजी म्हणाले, "कायदा काय आहे तानबा? घरचं मानूस तोंडाशी उभं राह्यलं तं गेलेल्याची बारी चालते."

"पण त्याच्या घरी आहे कोन? बाई मानूस!"

"बाई मानूस घरचं नाही तं का पारावरचं आहे?" आणि दाराकडं तोंड करून ओरडले, "सूनबाई! डाळ निवडनं झालं असन तं ये इकडं. तुझ्या घरची बारी आहे."

आमच्याकडं भासऱ्यासमोर सुनेनं यायचं नाही, सावलीही पडू द्यायची नाही. मी उठले कशी ते मला आजही सांगता येणार नाही. पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि गोणपाटाच्या घडीवर जाऊन बसले. त्याबरोबर भासरे गर्रकन फिरले आणि खांबाकडं तोंड करून बसले. आता पाहा मजा! मला पदरामुळं पट दिसेना, भासऱ्यांना पाठीमुळं दिसेना. ते पाठीमागं हात नेऊन कवड्या टाकत आणि खांबाला विचारत, "किती पडले?" डोमाजी हसू दाबून सांगे, "तीन जी, तीन!"

माझी बारी आली. मी कवड्या उचलल्या.

"पुकार," उरकुडाजी म्हणाले.

मी पदर आणखी खाली ओढला.

"पुकार वो. नाही तं दान रद्द."

डोमाजी कळवळला. "मामाजी, नवऱ्याचं नाव कसं घेईल ते?"

"लग्नात कसं घेतलं होतं?"

समोरच्या घरातल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, गल्लीतले दोघं-चौघं थांबले होते. मुठीतल्या कवड्या घामानं ओल्या झाल्या. शाळेचं तोंड मी पाहिलं नव्हतं, लिहिणं-वाचणं फार पुढं शिकले, पण उखाणे रचण्यात माहेरी माझा हात कोणी धरत नव्हतं. मी पदराआडून म्हटलं,

"तलावाचं पाणी आलं धानाच्या बांधात,
गोविंदरावांची बारी आहे, कोणी येऊ नका मधात!"

समोरच्या बाया खळखळून हसल्या. "वा वो बाई!" डोमाजीनं मांडीवर थाप मारली. आणि उखाणा ऐकला की वाहवा करायची सवयच असते माणसाला, खांबाकडं तोंड करून बसलेल्या भासऱ्यांच्या तोंडूनही निघून गेलं, "वा!"

हसणं ओसरू दिलं उरकुडाजींनी. मग हळूच म्हणाले, "तानबा, आयकला नं? उखाना सवाशिनच घेते. गावानं आयकला, तू वा म्हनला. आता सांग, उद्या पुकारू का नोको?"

तेव्हा कुठं मला कळलं, त्या म्हाताऱ्यानं मला पटावर कशासाठी बसवलं होतं.

भासरे खांबालाच म्हणाले, "पुकारा जी."

मी कवड्या टाकल्या. पंचवीस! पुन्हा टाकल्या. मोजत गेले, आणि उरकुडाजींची पिकायला आलेली सोंगटी, घराकडं वळायला चार घरं उरलेली, नेमकी माझ्या सोंगटीखाली आली. मारली मी. ते ताडकन उठले. "आंधरी बनून बसली अन् पदरातून सारं पाहून राहिली! नवऱ्याहून लबाड आहे!" रागारागात निघाले ते फावडं इथंच विसरून गेले. सकाळी तलावावर जाताना ते मलाच न्यावं लागलं. पाण्याच्या तोंडाशी मी घोट्याएवढ्या चिखलात उभी राहिले. त्यांनी साऱ्या पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, ऐकू जाईल असं पुकारलं, "गोविंदाची बारी!" आणि पाण्यात बोटं धरून पाहिली. एक बोटही कमी सोडलं नाही. पुढं पटावर मात्र मी "घरची बारी!" एवढंच पुकारत असे, अन् ते त्यांनी चालवून घेतलं.

नवरा फागुनात आला. गोंदियाला गाडीतून उतरला तेव्हा हळदीसारखा पिवळा होता, हिवतापानं अर्धा राहिला होता. सारं गाव गळ्यात पडून रडलं. संध्याकाळी तो सपरीत येऊन आपल्या जागेवर बसला, तर उरकुडाजी म्हणाले, "उठ तिथून. तुझी बाई खेळून राहिली. डाव संपू दे, मंग पाहू." एवढं बोलून अंगणात गेले आणि बराच वेळ फावड्याची माती खरडत उभे राहिले. फावडं स्वच्छच होतं.

नवऱ्याला ती जागा परत मिळाली नाहीच. तो जन्मभर माझ्या पाठीमागं बसून चुकीचे सल्ले देत राहिला.

एकदा डोमाजी आणि भासरे यायचे होते, मी आणि उरकुडाजी दोघंच पट पसरून बसलो होतो. त्यांनी पहिलं दान टाकलं. मी विचारलं, "मामाजी, हे दान कोन्या देवाचं जी?"

"देवाले कायले पाहिजे दान? सुकरूचं होय. माझा लहान भाऊ."

मला माहीतच नव्हतं त्यांना भाऊ होता ते.

"मोठ्या दुकाळात आसामच्या चहाच्या मळ्यात गेला. दोन वर्ष चिठ्ठी नाही. मी नवा-नवा पानकर. गाव म्हने, गेला तो. म्या माझ्या हातानं त्याच्या बांधीचं तोंड बांधलं." त्यांनी उजवा हात उलटा-सुलटा करून पाहिला. "त्याची बाई होती घरी. तिले कोनी इचारलं नाही. म्या बी नाही. ते माहेरी गेली."

"मंग?"

"मंग तो आला. चार वर्षानं. आधी बांधीवरच गेला. तोंड बांधलेलं पाह्यलं, बांधीत गवत पाह्यलं, अन् गावात न येता तसाच वापस फिरला. गुराख्यानं सांगितलं मले. मी गोंदियाच्या टेसनावर पोचलो, गाडी निघून गेली होती." त्यांनी कवड्या माझ्याकडं सरकवल्या. "कोन्याही दिवशी येईल. आला तं त्याची बारी चालू पाहिजे. टाक आता."

स्वराज्य यायच्या आधीच्या हिवाळ्यात उरकुडाजी गेले. तेरवी झाली, त्या संध्याकाळी मी पट पसरला. सुकरूचं पहिलं दान टाकलं, त्याला कोणी हात लावला नाही. मग उरकुडाजींच्या जागेवर गोणपाटाची घडी ठेवली. मेलेल्या माणसाला बारी नसते हे मला ठाऊक होतं, कायदा त्यांचाच होता. तरी मी डाव्या हातात कवड्या घेतल्या आणि पुकारलं, "मामाजीची बारी!"

माझ्या पाठीमागं नवऱ्यानं नाक शिंकरलं. खेळ फिरत गेला, आणि माझ्या उजव्या हातानं त्यांची सोंगटी सापडली. मी गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "काय जी मामाजी, लय शिकवत होते नं? मारली तुमची! आता जा वापस घरी!"

पुढची बारी भासऱ्यांची होती. इतकी वर्षं झाली तरी ते खांबाकडंच तोंड करून खेळत. त्यांनी कवड्या घेतल्या, पण टाकल्या नाहीत. खांबाला म्हणाले,

"मामाजीले म्हना, उठू नोका. डाव बाकी आहे."